दोन खोल्यांत दोघे: लहान घरात दीर्घकाळ एकत्र कसे राहावे

कोल्हापुरात लहान घर बहुधा दोन वाटांनी पदरात पडते. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत आजोबांचे मोठे घर असते, भावाभावांत वाटण्या होतात आणि एकाच्या वाट्याला सोपा म्हणजे पुढची ओसरी, त्यामागची एक खोली व परड्यातली सामाईक मोरी एवढेच येते. नाहीतर कळंबा, फुलेवाडी किंवा उचगावच्या बाजूला कर्ज काढून अथवा भाड्याने वन बीएचके घेतली जाते. दोन्हीकडे पहिली काही वर्षे अडचण जाणवत नाही, कारण सामान थोडे असते आणि नवलाई जास्त. अडचण जाणवू लागते ती दहा-पंधरा वर्षे उलटल्यावर, जेव्हा माळा भरलेला असतो, दोघांच्याही सवयी घट्ट झालेल्या असतात आणि एकाचा खोकला दुसऱ्याला आता नुसता खोकला वाटत नाही. अशा जोडप्यांसाठी, मग ती लग्नाची असोत वा लग्नाशिवाय एकत्र राहणारी, ही मांडणी आहे.

लहान घराविषयीचे बहुतेक सल्ले फर्निचरचे असतात: घडीचे टेबल, भिंतीत मिटणारा पलंग, पायऱ्यांखालचे कपाट. ते उपयोगी आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु पलंग किती मोठा आहे यावरून घरात क्वचितच भांडण होते. दुपारी तीन वाजता त्या पलंगावर एकाने झोपायचे की दुसऱ्याने कपडे इस्त्री करायचे, यावरून ते होते. म्हणून येथे सामानापेक्षा वेळेच्या वाटणीला अधिक जागा दिली आहे.

आधी टेप घेऊन घर मोजावे

घर दोघांनी मिळून मोजावे. एकाने टेप धरावा, दुसऱ्याने आकडे लिहावेत. एकट्याने मोजून दुसऱ्यापुढे नकाशा ठेवला, तर तो नकाशा पहिल्याच मिनिटाला एका पक्षाचा होतो. करारनाम्यातील आकड्यावर विसंबू नये. २०१६च्या रेरा (स्थावर संपदा) कायद्यातील चटई क्षेत्राच्या (कार्पेट एरियाच्या) व्याख्येत बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत, मात्र आतल्या भिंतींची जाडी धरतात, त्यामुळे पाय ठेवायला मिळणारी जमीन कागदापेक्षा थोडी कमीच भरते. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहण्याची खोली एकच असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटरची, म्हणजे सुमारे १०२ चौरस फुटांची असावी असे म्हटले आहे. आपली खोली एवढीच असेल आणि तीत पाच बाय साडेसहा फुटांचा पलंग असेल, तर जवळजवळ एक तृतीयांश जमीन त्या पलंगानेच व्यापली आहे हे कागदावर पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. दीड फूट खोल लोखंडी कपाटाचे दार उघडायला पुढे आणखी तेवढीच जागा लागते, हेही आपण विसरतो.

चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे एक फूट असे धरून नकाशा काढावा आणि त्यावर दोन माणसे रोज जिथे एकमेकांना अडतात त्या जागांवर फुल्या माराव्यात. बहुतेक घरांत त्या तीनच निघतात: मोरीचे दार, ओट्यापुढची जागा आणि कपाटाचे दार. ओट्यापुढे दोघांना एकमेकांना ओलांडून जायचे असेल तर तीन फूट लागतात. दोन फुटांत एकालाच उभे राहता येते, आणि तिथे दुसऱ्याने मदतीला येणे ही मदत नसते. मोरीचे दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडणारे करून घेणे किंवा सरकते बसवणे हे सुताराचे फार मोठे काम नाही. फुल्या पुसण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि तरीही लोक वीस-वीस वर्षे तेच दार आपटत राहतात.

घड्याळाची वाटणी

त्यानंतर एक दिवसाचे वेळापत्रक लिहावे. ते आदर्श नसावे, खरे असावे: नळाला पाणी किती वाजता येते, मोरीत कोण केव्हा जाते, डबा केव्हा भरला जातो, टीव्ही केव्हा सुरू होतो, फोनवर मोठ्याने बोलणे केव्हा होते. सकाळचा एक तास बहुतेक घरांत सर्वांत अवघड असतो, कारण पाणी भरणे, अंघोळ, डबा आणि देवपूजा ही चारही कामे त्याच तासात अडकलेली असतात. त्यांतील एखादे काम आदल्या रात्री ढकलता येते का, ते पाहावे. भाजी चिरून ठेवणे, इस्त्रीचे कपडे, गाडीची किल्ली व डब्याची पिशवी बाहेरच्या खोलीत ठेवणे हे रात्री झाले, तर सकाळी आतल्या खोलीत दिवा लावण्याची गरजच उरत नाही.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे माणूस घरात असेल, तर नियम एकच ठेवावा: झोपलेल्याचा हक्क पहिला. कारण सरळ आहे. टीव्ही, फोन, शिवण, वाचन या गोष्टी दुसऱ्या खोलीत, गच्चीवर किंवा शेजारी जाऊन करता येतात, झोप मात्र तशी कुठे नेता येत नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या खोलीला जाड, गडद पडदा लावावा आणि त्याच्या झोपेच्या तासांत मिक्सर, वॉशिंग मशीन व भांडी घासणे टाळावे. त्याच्या बदल्यात त्या माणसानेही झोपेचे तास ठरवून सांगावेत. दिवसभर केव्हाही डोळा लागेल आणि घराने केव्हाही गप्प बसावे, ही अपेक्षा वाजवी नाही.

आता एकांताविषयी. ज्या माणसाबरोबर आयुष्य काढायचे त्याच्यापासून दूर काही तास हवेत, हे म्हणणे आपल्याकडे अजूनही थोडे उद्धट वाटते. तरीही ते स्पष्ट म्हणावे लागते, कारण एकांत दोघांनाही लागतो आणि तो बहुधा असमान वाटला गेलेला असतो. पुरुष आपला एकांत घराबाहेर मिळवतो: पेठेतला कट्टा, तालीम, रंकाळ्याची फेरी, पंचगंगेचा घाट. बाईला तो मिळतो तो घरातच, पुरुष बाहेर गेल्यावर. ही व्यवस्था कोणी ठरवलेली नसते, म्हणून ती मोडली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. आणि ती हमखास मोडते पुरुषाच्या निवृत्तीच्या दिवशी. घरी आलेला माणूस आनंदात असतो, आता निवांत बसू म्हणतो, आणि ज्या खोलीत सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत दुसऱ्या कोणाची दिनचर्या होती तिथे तो खुर्ची टाकतो.

मंगळवार पेठेतल्या एका परिचित घरात हे जवळून पाहता आले. काकूंचे शिवणयंत्र आतल्या खोलीच्या खिडकीशी होते, कारण उजेड तिथेच येतो. पंचवीस वर्षे त्या दुपारी दोन ते पाच ब्लाउज शिवत. काका निवृत्त झाले आणि त्याच खोलीत, त्याच वेळेला दुपारची झोप घेऊ लागले. यंत्राच्या आवाजाने त्यांची झोप मोडे, आणि ‘अहो, तुम्ही बाहेर निजा की जरा’ म्हटले तर त्यांचा मान दुखावे. मुलाने यंत्राखाली रबराची जाड चटई आणून घातली. आवाज कमी झाला, धुसफूस तशीच राहिली. मिटले ते काकूंनी एक गोष्ट शब्दांत मांडल्यावर: ‘दोन ते पाच ही खोली माझं दुकान हाय. दुकानात कोण झोपतंय व्हय?’ काकांची चटई सोप्यात गेली, आणि आठवड्यातून तीन दुपारी ते करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन वर्तमानपत्रे वाचू लागले. १८५० सालापासून चालत आलेल्या या ग्रंथालयाने शहरातल्या किती घरांतील दुपारी अशा सांभाळल्या असतील, याची नोंद कोणी ठेवलेली नसावी.

यातून घेण्यासारखे असे की खोलीला तासापुरते नाव द्यावे. ‘दोन ते पाच दुकान’, ‘सहा ते सात मुलांचा अभ्यास’, ‘रात्री नऊनंतर झोपेची खोली’. नाव दिले की ‘तू सरक’ म्हणावे लागत नाही. वेळ झाली एवढेच म्हणावे लागते. तसेच आठवड्यातून निदान एकदा प्रत्येकाला काही तास घरात एकटे राहायला मिळावेत, अशी सोय करावी, आणि बाहेर जाणाऱ्याने परत येण्याची वेळ सांगून जावे. ‘येतो जरा जाऊन’ असे सांगून गेलेला माणूस वीस मिनिटांत परत आला, तर मागे राहिलेल्याचा सगळा वेळ दाराच्या कडीकडे लक्ष ठेवण्यात जातो.

ज्याची त्याची फळी

लहान घरात स्वतंत्र खोली देता येत नाही, परंतु प्रत्येकाला एक बंद कप्पा, एक फळी आणि एक खुंटी देता येते. नियम असा की त्या कप्प्यात दुसऱ्याने हात घालू नये, आवरण्यासाठीसुद्धा नाही. किंबहुना ‘आवरण्यासाठी’ हाच सर्वांत धोक्याचा बहाणा आहे, कारण तो सद्हेतूने केला जातो आणि त्यावर चिडणाऱ्याकडेच कृतघ्नपणा येतो. त्या कप्प्यात जुन्या पावत्या, तुटलेले घड्याळ, शाळेतल्या वह्या असे निरुपयोगी काही असले तरी ते तसेच असू द्यावे. कप्पा भरून बाहेर ओसंडू लागला तरच बोलावे. त्याच न्यायाने मोबाइलही त्याच्या मालकाचा समजावा.

सामान, बेगमी आणि पाऊस

घरात येणाऱ्या वस्तूंबद्दल ‘एक आली तर एक जाईल’ हा नियम कपडे आणि भांडी यांना चांगला लागू पडतो. कोल्हापुरात मात्र खरी गर्दी बेगमीची असते. उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसणाची चटणी डंकावर कुटून आणायची, वर्षाचा गहू घ्यायचा, गावाकडून तांदळाचे पोते आणि गुळाचा रवा यायचा, सांडगे-पापड व्हायचे. हे सगळे ज्या घरांना परडे आणि माळवद होते त्यांचे हिशेब आहेत. वन बीएचकेत ते जसेच्या तसे पाळले, तर जूनपासून दिवाळीपर्यंत दोघांपैकी एकाची बाजू धान्याच्या डब्यांनी अडवलेली असते. चटणी वर्षाची करावी, कारण ती चिनी मातीच्या एक-दोन बरण्यांत मावते आणि दुकानातली चटणी घरच्यांना चालणार नाही हे आधीच ठाऊक असते. गहू-तांदूळ मात्र दोन महिन्यांचेच भरावेत. गावाकडच्या माणसांना ‘पोते नको, दहा किलोच पाठवा’ हे ज्याचे गाव आहे त्यानेच सांगावे. सुनेने किंवा जावयाने सांगितले तर त्याचा अर्थ निराळा लावला जातो.

माळा करायचा असेल तर खाली सात फूट उंची मोकळी राहील असा करावा आणि त्यावर वर्षातून एक-दोनदाच लागणाऱ्या वस्तू ठेवाव्यात: गणपतीची आरास, दिवाळीचे कंदील, पाहुण्यांच्या वाकळा. डब्यांवर आत काय आहे ते ठळक लिहावे, म्हणजे स्टुलावर चढलेल्याला खाली उभ्या असलेल्याने ओरडून दिशा दाखवाव्या लागत नाहीत.

जून ते सप्टेंबर हा लहान घराच्या कसोटीचा काळ. कपडे वाळत नाहीत, दारात रेनकोट गळत असतात आणि भिंतीला ओल येते. या दिवसांत आठवड्याचे कपडे एकदम न धुता रोज थोडे धुवावेत, जाड कपडे दोन दिवसांच्या अंतराने धुवावेत आणि निजायच्या खोलीत दोरी बांधू नये. तिथे रात्रभर दमट हवेत श्वास घ्यावा लागतो. बाहेरच्या खोलीत छताला कप्पीवर वर-खाली होणारी दांडी बसवून पंखा लावला, तर जमिनीवरची एक फूटही जागा न अडता दोघांचे कपडे वाळतात. रेनकोट आणि छत्रीची खुंटी दाराबाहेर असावी. कोल्हापुरी चपला कागदात गुंडाळून माळ्यावर टाकाव्यात. भिजलेले कातडे आणि बुरशीचा वास दोन्ही घराला परवडत नाहीत.

शुक्रवार पेठ, दुधाळी, सुतारवाडा किंवा नागाळा पार्कचा सखल भाग यांत तळमजल्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. पलंगाखालची पेटी ही लहान घरातील सर्वांत मोठी साठवण असते आणि पुराच्या पाण्यात सर्वांत आधी तीच बुडते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी शहराने ते अनुभवले आहे. त्यामुळे कागदपत्रे, दागिने, औषधे, मुलांचे दाखले हे कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर, एकाच जलरोधक पिशवीत ठेवावेत. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ फुटांवर गेले की कोणी काय उचलायचे हे मे महिन्यातच ठरवून ठेवावे: एकाने कागद, औषधे आणि घरातली वृद्ध माणसे, दुसऱ्याने सिलिंडर, शिवणयंत्र आणि गाड्या. पाणी चढत असताना कामाची वाटणी करायला बसलेले जोडपे दोन्ही हरवून बसते, सामानही आणि संयमही.

वास, आवाज आणि गॅस

रविवारच्या मटणाचा वास सोमवारच्या शर्टाला येतो, ही तक्रार क्षुल्लक नाही. विशेषतः एक जण मांसाहारी आणि दुसरा माळकरी असेल तेव्हा. खिडकीत एक्झॉस्ट पंखा बसवावा, फोडणी देण्याआधी तो सुरू करावा, आणि कपड्यांचे कपाट स्वयंपाकाच्या भिंतीला लागून ठेवू नये. न खाणाऱ्याची भांडी वेगळी ठेवायची असतील तर ती आनंदाने ठेवावीत. एका फळीने प्रश्न मिटत असेल तर तो तत्त्वाचा करू नये. टीव्ही आणि मोबाइलचा आवाज रात्री नऊनंतर इअरफोनमधूनच यावा.

स्वयंपाक आणि झोप एकाच खोलीत असेल तर रात्री रेग्युलेटर बंद करूनच झोपावे, कारण घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर तो जमिनीलगत, म्हणजे अंथरुणाच्या पातळीवर साठतो. लहानशा मोरीत गॅस गिझर बसवणे टाळावेच. हवा खेळती नसेल तर तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला रंग नाही की वास नाही, आणि अंघोळ करणाऱ्याला कळायच्या आत शुद्ध हरपते. गिझर बाहेरच्या उघड्या भिंतीवर बसवून नळ आत घ्यावा.

भांडण आणि जवळीक

मोठ्या घरात रागावलेला माणूस दुसऱ्या खोलीत जाऊ शकतो. येथे तो फार तर भिंतीकडे तोंड करतो. म्हणून भांडणातून तात्पुरते उठून जाण्याची रीत आधीच ठरवून ठेवावी. जाणाऱ्याने ‘रंकाळ्याला एक फेरी मारून तासाभरात येतो’ असे सांगून जावे, मागे राहिलेल्याने त्या तासात फोन करू नये, आणि परत आल्यावर विषय पुन्हा त्याच दिवशी काढायचा की दुसऱ्या दिवशी, हे परत आलेल्याने नव्हे तर घरात थांबलेल्याने ठरवावे. रात्री दहानंतर पैशाचा आणि माहेर-सासरचा विषय काढू नये. पेठेतल्या सामाईक भिंतीपलीकडे चुलत भावाचे कुटुंब असते आणि सकाळी पाणी भरताना त्यांच्या नजरेला नजर द्यायची असते.

हे सगळे सामान्य कुरबुरीबद्दल झाले. हात उचलला जात असेल, कोंडून ठेवले जात असेल किंवा घराबाहेर काढण्याची धमकी मिळत असेल, तर तो जागेचा प्रश्न नाही आणि वरीलपैकी काहीही तिथे लागू पडत नाही. अशा वेळी ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ या क्रमांकावर मदत मागावी. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो, आणि लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी स्त्रीही त्या कायद्याच्या कक्षेत येते.

जवळीकीबद्दल संकोचामुळे कोणी लिहीत नाही, म्हणून थोडक्यात: दोन खोल्यांत सासू-सासरे आणि मुले असतील तर तीही वेळ ठरवूनच काढावी लागते, आणि ठरवून काढलेली वेळ कमी प्रेमाची नसते. आतल्या दाराला चांगली कडी असावी आणि मुले सहा-सात वर्षांची झाली की त्यांना दार वाजवून आत यायला शिकवावे. प्लायवुडच्या पार्टिशनने दृष्टी अडते, आवाज अडत नाही. भिंतीला लागून पुस्तकांचे किंवा कपड्यांचे भरलेले कपाट ठेवले तर तो थोडा तरी दबतो.

पाहुणे

कोल्हापूरकरांना पाहुणे चुकत नाहीत. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला, चैत्रात जोतिबाच्या यात्रेला, आणि एरवी नुसतेच तांबडा-पांढरा रस्सा खायला माणसे येतात व ‘आम्ही कुठंही पडू’ असे म्हणतात. ती खरोखरच कुठेही पडतात. अडचण त्यांची नसते, ज्याची झोपण्याची जागा जाते त्याची असते. म्हणून मुक्कामाचे निमंत्रण दुसऱ्याला विचारल्याशिवाय देऊ नये, मग पाहुणा सख्खा भाऊ का असेना. जेवायला कितीही बोलवावेत, मुक्कामाची रात्र मात्र दोघांच्या संमतीने ठरावी, आणि ज्याचे पाहुणे असतील त्याने बाहेरच्या खोलीत जमिनीवर निजावे.

कागदावरचे घर

भाड्याच्या घरात करारनामा दोघांच्या नावे करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे असा करार लेखी असणे आणि नोंदवणे आवश्यक आहे, आणि नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. दोघांचे नाव असले की एक बाहेरगावी असताना घरमालकाने दुसऱ्याला ‘तुमचा संबंध काय’ विचारण्याचा प्रसंग येत नाही, आणि लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना तर याचे महत्त्व विशेष. स्वतःची सदनिका असेल तर सोसायटीत नामनिर्देशन भरून ठेवावे, पण नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. मागे घर कोणाला मिळावे याबद्दल दोघांच्या मनात काही निश्चित असेल तर मृत्युपत्र करावे. भाडेकराराच्या नोंदणीला दोघांनी एकत्र जावे, आधार कार्ड आणि पॅन कार्ड मूळ व झेरॉक्स अशी दोन्ही बरोबर न्यावीत, आणि नोंदवलेल्या कराराची एक प्रत प्रत्येकाच्या स्वतःच्या कप्प्यात ठेवावी.